सहा सिलिंडरचा मोह आणि मागे बसलेली आई

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी. जुनी डिझेल स्कोडा सुपर्ब मुलाकडे जातेय, माझ्यासाठी नवी बघतोय. यादीत मर्सिडीज सी २२०डी आणि बीएमडब्ल्यू ३३०एलआय. जीव मात्र बीएमडब्ल्यूच्याच एम३४०आयवर, कारण तिच्यात सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन आहे.

रोज इंदूरचं सुदामानगर ते पीथमपूर. महिन्या-दीड महिन्यानं सेंधवा-धुळे मार्गे नाशिक, साधारण ४०० किलोमीटर. मागे आई, वय ७८, कंबर दुखरी. ड्रायव्हर ठेवणार नाही. चालवायची हौस नसती तर एवढे पैसे घातलेच नसते.

शोरूमचा मुलगा विजयनगरच्या चौकापर्यंत नेतो, परत आणतो आणि सगळा वेळ आतल्या लाईटचे रंग बदलून दाखवतो. इंजिनाबद्दल विचारलं की म्हणतो, "सर, पिकअप मस्त आहे." आता तुम्हीच सांगा.

फुरसती_राजवाडा
भिया, एम३४०आय. ३७४ हॉर्सपॉवर, ४.४ सेकंदात शंभर. विचार काय करताय?

महूची_लेक
काका, मी इंजिन टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून जरा लांबण लावते.

हॉर्सपॉवर बाजूला ठेवा, टॉर्क (इंजिनाचा ओढायचा जोर, न्यूटन मीटरमध्ये मोजतात) कुठल्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो ते बघा. सी २२०डीचा ४४० न्यूटन मीटर १८०० ते २८०० मध्ये, म्हणजे जोर भरपूर पण पट्टा अरुंद. ३३०एलआयचा ४०० न्यूटन मीटर १५५० पासून ४४०० पर्यंत. परतीला धामनोद सोडून मानपूरकडे चढताना पुढे ट्रेलर रांगत असतो, बाजूला जरा जागा मिळते आणि तुम्ही पाय दाबता. डिझेल लगेच ढकलतं, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला गिअर लवकर वर टाकावा लागतो. पेट्रोल त्याच गिअरमध्ये ओढत राहतं. चालवण्यातला खरा फरक हाच. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगाला दोन्ही गाड्या आरामात चालतात, तिथे काहीच कळत नाही.

आता सहा सिलिंडर. पिस्टन वरच्या अर्ध्या टप्प्यात जास्त वेगानं जातो, खालच्या अर्ध्यात कमी. म्हणून चार सिलिंडरमध्ये दोन वर, दोन खाली असूनही हिशेब पुरता मिटत नाही आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) एका फेरीत दोनदा बारीक थरथर उरते. ती बॅलन्स शाफ्ट, म्हणजे थरथरीच्या उलट जोर देणारे फिरते दांडे, लावून मारतात. सरळ रांगेतल्या सहामध्ये ती आपोआप मिटते. साडेपाच हजार आरपीएमला नेलंत तरी स्टीअरिंगवर ठेवलेल्या बोटांना काही जाणवत नाही, फक्त आवाज वाढतो. याचं मोल आहेच. पण आई मागे असताना तुम्ही साडेपाच हजारला नेणार आहात का?

आमच्याकडे पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासणाऱ्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथे या सगळ्याची मजा. तिथे आपल्याला सोडतंय कोण म्हणा!

सुपर्ब पुढच्या चाकांवर ओढते. जोरात निघताना स्टीअरिंगला येणारी ती ओढ सी आणि ३३० या दोन्हींत नाही, कारण जोर मागच्या चाकांना जातो. पण टायर नक्की विचारा. रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) असतील तर त्यांची भिंत कडक असते आणि खड्डा थेट कंबरेत पोचतो. ३३०एलआयचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) साध्या ३ सिरीजपेक्षा ११० मिलिमीटर जास्त, त्यामुळे पाय पसरायला जागा आहे. कंबरेचं मात्र बसूनच कळेल.

डिझेलवाला_देवास
एक राहिलं. डिझेलच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळायला गाडी सलग तापलेली लागते. नुसतं पलासिया ते राजवाडा करणाऱ्याचा फिल्टर चोंदतो. तुमचा राऊच्या पुढचा मोकळा रस्ता रोजचाच, त्यामुळे तुम्हाला ती भीती नाही. शिवाय सी २२०डीत ४८ व्होल्टचा स्टार्टर-जनरेटर आहे, सिग्नलला बंद पडलेलं इंजिन हिसका न देता सुरू होतं. माझं मत डिझेलला. टाकी भरली की नाशिकला जाऊन परत या, पंप शोधायला नको.

सुदामानगरकर
महूची_लेक, बेटा, हे शोरूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं. एम३४०आय मनातून काढली. (फुरसती, रागावू नका.)

आज दोन्हीकडे फोन करून सांगितलं की विजयनगर नको, आई मागे बसेल आणि गाडी मानपूरच्या खाली उतरवून परत वर आणायची. एकानं लगेच हो म्हटलं. दुसरा म्हणतो, "साहेबांना विचारून कळवतो." जो येईल त्याच्या गाडीत आधी टायरवरची अक्षरं वाचेन. रनफ्लॅट असतील तर साधे टायर टाकून घेता येतात का? आणि मग स्टेपनी डिकीत बसते, की आईची व्हीलचेअर घरीच ठेवायची?

महूची_लेक
साधे टायर टाकता येतात, पण वॉरंटीचं त्यांच्याकडून लेखी घ्या. स्टेपनीसाठी डिकी उघडून टेप लावूनच बघा, व्हीलचेअर सोबत घेऊन जा.