तीन किलोमीटर बर्फ कापला आणि खडक फक्त दीड मीटर?

खडकवेडी:
मी नागपुरात जिओलॉजीत एमएस्सी करते. सेमिनारला बर्फाखालच्या खडकाचा विषय घेतलाय. ग्रीनलँडच्या मधोमध जिस्प-2 प्रकल्पात 1993 साली 3,053 मीटर बर्फ पार करून तळ गाठला आणि खडकाचा कोअर (नळीत अखंड निघणारा दंडगोल नमुना) मिळाला 1.55 मीटर. मागच्या महिन्यात आम्ही सावनेरकडे एक रिग, म्हणजे भोक घ्यायचं यंत्र, बघितली, तिथे एका पाळीत याच्या कितीतरी पट कोअर पेटीत लागत होता. मग इतकं खाली जाऊन थांबले का? कोणी ड्रिलिंगमधलं आहे का इथे?

रिगवाले काका, मानेवाडा:
बेटा, 31 वर्षं रिगवर काढली, म्हणून सांगतो. तू बघितलेल्या रिगवर रॉडची माळ वरून फिरते. बिटवर, म्हणजे खालच्या कापणाऱ्या टोकावर, वजन वरून देता येतं, पाणी वरून सोडता येतं. बर्फाच्या खोल ड्रिलला बहुतेक वेळा रॉडच नसतात. केबलवर लोंबकळणारी लांब नळी असते, मोटर तिच्यातच, खाली. नळी स्वतःच गरगर फिरू नये म्हणून बाजूच्या पात्या बर्फाच्या भिंतीत रुततात. खाली सुऱ्या बर्फ किसतात. किसायला जोर तो किती लागणार? पण त्याच नळीला खडक लागला की डायमंड बिट पाहिजे, वजन पाहिजे, चुरा धुऊन काढणारा प्रवाह पाहिजे. केबलवर हे सगळं थोडंथोडंच मिळते.

दुसरं म्हणजे पाणी. तिथे पाणी सोडलं तर रॉड, बिट सगळं जागेवर गोठून जाईल. आणि भोक कोरडं ठेवलं तर खोलवर बर्फाच्याच दाबाने ते हळूहळू मिटत जाते. म्हणून न गोठणारं आणि बर्फाइतकंच जड द्रव भरावं लागते. जिस्प-2 मध्ये ब्युटिल अ‍ॅसिटेट होतं. द्रवाचा दाब जास्त झाला की बर्फ तडकतो आणि सगळं द्रव भेगेत जाते. आपला रिटर्न, म्हणजे वर परत येणारं पाणी, असं भेगेत गेला तर आपण बेंटोनाइटची चिकणमाती टाकतो, केसिंगचा पाइप उतरवतो. तिथे विमानाने आणलेलं पिंप संपलं की काम बंद.

आता आपल्यासारखी खनिजाची रिगही बर्फावर नेतात. एसिग नावाची अमेरिकन रिग 2016-17 च्या हंगामात अंटार्क्टिकात पिरिट हिल्सला 150 मीटर बर्फातून उतरली आणि 8 मीटर खडक घेऊन आली. रॉडवाली, वायरलाइनवाली, म्हणजे रॉड खालीच ठेवून आतून तारेने कोअर वर ओढणारी. फोटो बघितले तर मला आपलीच रिग वाटली.

क्वार्ट्झ_लॅब:
काकांच्या बोलण्यात एक जोडते. दीड मीटर कमी वाटतो, पण काम त्यानेच झालं. खडक उघडा असताना अवकाशातून येणारे किरण क्वार्ट्झ या खनिजात बेरिलियम-10 आणि अ‍ॅल्युमिनियम-26 हे किरणोत्सारी अणू तयार करतात. वर जाड बर्फ आला की ते बनणं थांबतं आणि आधीचं घटत जातं, दोन्ही वेगवेगळ्या वेगाने. त्यावरून उघडं असण्याचा काळ काढता येतो. जिस्प-2 च्या त्याच तुकड्यावरून 2016 मध्ये निष्कर्ष आला की गेल्या 14 लाख वर्षांत ती जागा एकूण किमान 2 लाख 80 हजार वर्षं बर्फाविना होती. हे किरण खडकाच्या वरच्या दोन-तीन मीटरांतच बहुतेक संपतात. त्यामुळे 100 मीटर खोल गेलात आणि वरचा अर्धा मीटर गमावला, तर आमच्या हाती फार काही उरत नाही.

खडकवेडी:
म्हणजे बर्फ आणि खडक जिथे भेटतात तोच भाग सर्वात महत्त्वाचा? आणि निघायलाही तोच अवघड ना?

रिगवाले काका, मानेवाडा:
हो बेटा, अगदी तोच. बर्फ संपायच्या आधी दगड-वाळू मिसळलेला गाळबर्फ लागतो. त्यात सुऱ्या बोथट होतात. डायमंड लावला तर मऊ भाग दळून निघतो, कोअर येतच नाही.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. उमरेडकडे ट्रॅपमधून, म्हणजे काळ्या बेसाल्टमधून, कोळशासाठी भोक घेत होतो. ट्रॅप संपून खालचा नरम थर लागला ते मला लीव्हरवरच कळलं होतं, हाताला येणारी थरथर एकदम मऊ पडली. तिथे वजन कमी करून, अर्ध्या मीटरच्या छोट्या रनने, म्हणजे छोट्या खेपेने, जायला पाहिजे होतं. पण पैसे मीटरवर मिळत होते, महिना संपत आला होता, आणि मी तसाच पूर्ण तीन मीटरचा रन ओढला. कोअरची नळी (बॅरल) उघडली तर वर काळा ट्रॅप, खाली सँडस्टोन, मधलं काहीच नाही. जिओलॉजिस्ट मॅडम पेटीजवळ बराच वेळ उकिडव्या बसून होत्या. बोलल्या काही नाही. ते मला आजही लागते.

ग्रीनलँडला कॅम्प सेंच्युरी नावाच्या अमेरिकी लष्करी छावणीत 1966 साली 1,387 मीटरवर तळ लागला, तेव्हा त्या लोकांनी खालची गोठलेली मातीसुद्धा तीन मीटरच्या वर काढून आणली. 2021 मध्ये त्या मातीत झाडपाल्याचे अवशेष असल्याचं छापून आलं. ती माती वर आणणाऱ्या ड्रिलरचा हात कसा असेल, याचा मी फार विचार करतो.

पुढच्या वेळी रिगवर गेलीस की कोअरच्या पेटीत दोन रनच्या मध्ये ठेवलेला लाकडी ठोकळा बघ. त्यावर खोली लिहिलेली असते आणि खाली बारीक अक्षरात किती मीटर कोअर हातचा गेला ते. माझ्या त्या ठोकळ्यावर 0.80 लिहिलं होतं.