एन-लिस्टची वर्गणी दरवर्षी भरतो, पण पोरं वापरतच नाहीत. काय करावं?

सातपुडा_ग्रंथपाल

राम राम मंडळी. नंदुरबार जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याशी एका कला-वाणिज्य महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे एन-लिस्ट (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणारी सेवा) आहे, वर्गणी वेळेवर जाते, लायब्ररीच्या दारावर फ्लेक्सही लावलाय. (त्यावर लॉगिनच्या पत्त्यापेक्षा साहेबांचा फोटो मोठा आहे, ते सोडा.) पण वापराचा तक्ता काढला की ठरलेल्या प्राध्यापकांचीच खाती दिसतात, आणि तीही नॅकची (कॉलेजला दर्जा देणारी) तपासणी जवळ आली की जागी होतात. पोरांच्या नावापुढे भोपळा.

खाती उघडायला याद्या मागवल्या, तर निम्म्या मुलांचे ईमेल त्यांचे स्वतःचे नाहीतच. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना कॅफेवाल्यानं जो ईमेल काढून दिला तोच कागदोपत्री चालतो आणि त्याचा पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत. आपण खातं उघडतो, मेल जाते, कुणी बघत नाही. एक एमए मराठीची मुलगी मात्र चिकाटीनं आत शिरली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणे, "सर, त्यात सगळं इंग्रजीच आहे. मला आमच्याकडच्या लग्नातल्या गाण्यांवर पाहिजे होतं." तिचं गाव धडगावच्या वरच्या अंगाला. घरी रेंज नाही, फोन घेऊन टेकडीवर चढावं लागतं. तिला काय देऊ?

"प्रशिक्षण शिबिर घ्या" असं कृपा करून सांगू नका. घेतलं. चहा येईपर्यंत हॉल भरलेला होता.

जळगाव_लिब

सर, वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्राची नियतकालिकांची योजना बघितली का? १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. तुमचं कॉलेज खासगी संस्थेचं असेल तर आधी विद्यापीठात चौकशी करा.

सातपुडा_ग्रंथपाल

संस्थेचंच आहे भाऊ. आणि मिळालं तरी त्या १३,००० मध्ये आमच्याकडच्या पावरा आदिवासींची लग्नगीतं कुठून यायची?

धुळेकर_आप्पा

ग्रंथपालकीत आयुष्य गेलं, आता घरी बसून हेच वाचतो. थोडं लांबेल.

आधी ईमेलचं निस्तरा. जून-जुलैत फीच्या खिडकीशेजारी एक टेबल टाका. पोराच्या हातात फोन असतोच. तिथंच त्याचा स्वतःचा ईमेल, तिथंच खातं, आणि पहिलं लॉगिनही तुमच्यासमोर. पावती फाडून घेण्याआधी हे झालं पाहिजे. एकदा पोरगं गेटबाहेर गेलं की ते परीक्षेच्या फॉर्मलाच दिसतं.

पण खरं दुखणं वेगळं आहे. आपण पोरांना सांगतो, पुस्तकासाठी ओपॅक (लायब्ररीची संगणकावरची यादी) बघ, ई-पुस्तकासाठी एन-लिस्ट, प्रबंधासाठी शोधगंगा, बाकीच्यासाठी नॅशनल डिजिटल लायब्ररी. चार दारं दाखवल्यावर पोरगं एकातही शिरत नाही, यूट्यूब उघडतं. त्याला एकच खिडकी द्या, तुमचा ओपॅक. जे फुकट आणि कामाचं आहे त्याची नोंद छापील पुस्तकासारखीच करा, विषयशीर्षक मराठीत द्या आणि ८५६ मध्ये, म्हणजे नोंदीतल्या लिंकच्या रकान्यात, लिंक टाका. "लग्नगीते" टाइप केलं की कपाटातलं पुस्तक आणि शोधगंगेवरचा प्रबंध एकाखाली एक दिसला पाहिजे. लाखभर नोंदी ओतू नका. तुमच्या पोरांच्या विषयांच्या शे-दोनशे नोंदी हातानं, निवडून करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा फ्लेक्स लागत नाही, म्हणून कुणी करत नाही.

त्या मुलीला शोधगंगेवरच न्या. लॉगिन नको, पैसे नको. यूजीसीच्या नियमामुळे पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे (शोधगंगा चालवणारं केंद्र) द्यावी लागते, त्यामुळे आपल्या विद्यापीठाचंही बरंच काही तिथं आहे. शिवाय प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतो. टेकडीवर उभं राहून सगळा प्रबंध उतरवायची गरज नाही, हवं ते प्रकरण घ्यायचं.

फक्त शोधताना हुशारी लागते. काही मराठी प्रबंधांची शीर्षकं रोमन लिपीत चढवलेली आहेत. कुणी खानदेश लिहितं, कुणी खान्देश. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधीचं काम धुळे जिल्ह्याखाली सापडेल. त्याहून जुनं हवं तर पश्चिम खानदेश; १९०६ साली खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आणि १८८० चं गॅझेटिअर उघडलंत तर तिथं अख्खा खानदेश एकच. तुमच्या नोंदीत ही सगळी नावं घाला, म्हणजे पोरानं कुठलंही टाकलं तरी माल हाती येईल.

आता तुमचं स्वतःचं धन. कॉलेजचे वार्षिकांक, एनएसएस शिबिरातली गाव-पाहणी, एमएचे लघुप्रबंध. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. वार्षिकांकाच्या पिना काढा, ३०० डीपीआयला स्कॅन करा. मोठी फाइल जपून ठेवा, पोरांसाठी हलकी वेगळी बनवा. लघुप्रबंधांची सॉफ्ट कॉपी असेल तर खूश होऊ नका. जुन्या, युनिकोड नसलेल्या कृतीदेव, श्रीलिपी फाँटांत टाइप केलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण कॉपी करून पेस्ट केलं की चिन्हांचा नुसता कचरा. त्यात शोध चालणार कसा? अशा पीडीएफवर ओसीआरमायपीडीएफ (पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) चालवा, भाषा मराठी आणि "फोर्स ओसीआर" पर्याय. तो जुना मजकूर बाजूला सारून पानाचं चित्र नव्यानं वाचतो. प्रमाण मराठी बरी वाचतो. अहिराणी, पावरी ओळींची मात्र वाट लावतो. गाण्यांची पानं माणसानंच तपासायची.

कायद्याचा_किडा

आप्पा, नेटवर चढवण्याआधी थांबा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयानं आपल्याकडच्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची सोय कलम ५२ मध्ये आहे, पण जतन वेगळं आणि सगळ्यांना खुलं करणं वेगळं. लघुप्रबंधासाठी विद्यार्थ्याची लेखी संमती घ्या, सबमिशनच्या फॉर्मातच एक रकाना वाढवा. आणि गाणी रेकॉर्ड केली असतील तर गाणाऱ्या बाईला विचारलंय का? गाणं लोकांचं असेल, आवाज तिचा आहे.

अमळनेरची_वाचक

ग्रंथपाल नाही, नेट-सेट करतेय. सर, जे ऑनलाइन नाही त्याचीही नोंद करा ना. धुळ्याच्या राजवाडे मंडळात काय आहे, आमच्या तत्त्वज्ञान मंदिरात काय आहे, एवढं कळलं तरी एसटीचं तिकीट वाया जात नाही.

सातपुडा_ग्रंथपाल

आप्पा, त्या मुलीला आज लायब्ररीतल्या मशीनवर बसवलं. रोमनमध्ये "lokgeet" ची तीन-चार स्पेलिंगं टाकल्यावर आदिवासी लोकगीतांवरचा एक प्रबंध निघाला. दुसरं आणि चौथं प्रकरण उतरवून पेनड्राइव्हवर घेऊन गेली. संमतीचा रकाना प्राचार्यांपुढे ठेवतो. एक अडचण: लायब्ररीचं सॉफ्टवेअर आमच्याकडे कोहा नाही, सोल आहे. त्यात ८५६ चालतं का?

धुळेकर_आप्पा

चालतं. सोलही मार्क २१ (नोंदींचा ठरलेला साचा, ८५६ त्यातलंच) वरच आहे. आधी दहा नोंदी करा आणि ओपॅकमध्ये लिंकवर क्लिक होतंय का ते स्वतःच्या फोनवरून बघा. ऑफिसच्या नेटवर सगळंच उघडतं.