आरएक्स 100: हाफ इंजिन केल्यावर रेस खाली येत नाही, गिअर ऑइलही कमी होतंय

धूळखात_आरएक्स

गाडी यामाहा आरएक्स 100, 1993 ची. सहा-सात वर्षं शेडमध्ये उभी होती. हाफ इंजिन केलं, म्हणजे फक्त वरचा भाग खोलला: ब्लॉक 0.50 मिमी ओव्हरसाइजला बोअर केला. पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) आणि वरचं नीडल बेअरिंग नवं. रॉडला वर-खाली खेळ नव्हता म्हणून क्रँक उघडला नाही. टॅंक, कार्बोरेटर साफ, सगळी पॅकिंग नवीन.

आता 300 किमी झाले. लक्षणं अशी:

गरम झाल्यावर थ्रॉटल सोडला तरी रेस आठ-दहा सेकंद वरच लटकते, मग हळूहळू खाली येते. प्लगचं पोर्सिलेन जवळजवळ पांढरं. सकाळी पहिल्या किकला भरपूर पांढरा धूर, पुढेही थोडा राहतोच. गिअर ऑइल 650 मिली मोजून भरलं होतं, काढलं तेव्हा 540 निघालं. बाहेर कुठेही गळती नाही.

मेकॅनिकचं म्हणणं, ऑइल पंप (इंजिनला 2टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं जळणारं ऑइल देणारा) काढून टाका, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, धूर थांबेल. पटत नाहीये. फुल इंजिन खोलायचं का?

चावी_दहा_अकरा

पंपाला हात लावू नका. तुमच्या गाडीला एक नाही, बहुतेक दोन आजार आहेत, आणि दोन्हीचं मूळ क्रँकच्या सीलमध्ये.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना आत ओढ तयार होते, खाली येताना दाब. या पंपाला दोन बाजूंनी दोन ऑइल सील झाकतात. उजवीकडचं, म्हणजे क्लच बाजूचं सील गेलं की ती ओढ गिअर ऑइल आत खेचते आणि ते जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं. तुमचे 110 मिली तिकडे गेले. डावीकडचं, मॅग्नेट बाजूचं सील गेलं तर तिथे ऑइल नाहीच, म्हणून नुसती हवा आत येते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी; रेस लटकते, प्लग पांढरा पडतो आणि एखाद्या चढावर पिस्टन पकडतो. धुराने कोणी मरत नाही. हवेने नवा पिस्टन जातो. सील बदलेपर्यंत गाडी पळवू नका.

उभ्या गाडीत सीलचं रबर कडक होतं, ओठ शाफ्टला चिकटतो, त्याखाली गंज धरतो. पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच तो ओठ फाटतो. वर नवा पिस्टन, म्हणजे कॉम्प्रेशन चांगलं, म्हणजे जुन्या सीलवर जोर जास्त. हाफ इंजिन केल्यावर लगेच हे दिसतं ते म्हणूनच.

फक्त एक खात्री आधी करा. पहिल्या किकचा धूर 2टी ऑइलचाही असू शकतो. पंपापुढच्या चेक व्हॉल्व्हमध्ये (ऑइल आपोआप उतरू न देणारी झडप) कचरा अडकला की रात्रभर 2टी थेंबथेंब आत उतरतं. 2टीच्या टाकीवर रात्री टेपने खूण करा, सकाळी बघा. पातळी उतरली तर चेक व्हॉल्व्हही साफ करावा लागेल. 2टी आणि गिअर ऑइल दोन्ही कमी होत असेल, तर दोन्ही दोष.

घाटउतार

वरच्याशी सहमत, पण सील गेलं हे अंदाजाने ठरवून इंजिन खोलू नका. प्रेशर टेस्ट करा, घरी होते. त्याआधी थ्रॉटल केबलही बघा: हॅंडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवल्यावर रेस बदलते का? बदलत असेल तर केबलला ढील नाही, एवढंच. पायलट जेट (कार्बोरेटरमधलं आयडलचं बारीक जेट) तारेने नाही, हवेने साफ करा.

टेस्टला लागतं ते: रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, साबणाचं पाणी. घड्याळावर 300 म्हणजे साधारण 5.8 पीएसआय, नेमका हवा तेवढाच दाब. कॉम्प्रेसर लावू नका, सील उलटं होईल.

सायलेन्सर काढा. एक्झॉस्ट पोर्टवर ट्यूबचा तुकडा, वर लोखंडी पट्टी, मूळच्या बोल्टने घट्ट. कार्बोरेटर काढून मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर इंजिनला जोडणारा भाग) रबरात भोक पाडलेलं रबरी बूच घाला, त्यातून नळी आणि क्लॅम्प. हवा इथूनच भरायची. बरेचजण प्लगच्या भोकातून भरतात, ती चूक: आतला दाब रीड व्हॉल्व्ह (हवा फक्त आत जाऊ देणारी झडप) बंद करतो आणि मॅनिफोल्डची गळती तपासलीच जात नाही. प्लग घट्ट बसलेला हवा. ऑइल पंपाची नळी मॅनिफोल्डकडून काढून तोंड बंद करा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून ब्लॉकमध्ये जाणाऱ्या वाटा) उघडे राहून क्रँककेस आणि ब्लॉक एकाच वेळी तपासले जातात.

300 वर नेऊन फुग्याचा स्क्रू बंद करा. चांगल्या इंजिनचा काटा मिनिटभर जेमतेम हलतो. मिनिटाला 50 पेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. मग साबणाचं पाणी: हेडचा सांधा, ब्लॉकचं तळाचं पॅकिंग, रीड ब्लॉक, मॅनिफोल्डच्या भेगा. आरएक्सचं मॅनिफोल्ड वरून बरं दिसतं, वाकवल्यावर भेग उघडते.

डाव्या सीलसाठी मॅग्नेट आणि प्लेट काढावी लागेल. पुलरच वापरा. हातोडा मारला तर दाबून बसवलेला क्रँक सरळ राहत नाही. उजव्या सीलसाठी काही खोलायचं नाही: गिअर ऑइल काढा, ब्रीदर बंद करा, ऑइल भरायच्या तोंडावर फुगा ताणून बसवा. फुगा फुगला तर हवा क्रँककेसमधून गिअरबॉक्समध्ये येतेय.

दाबाने ओठ शाफ्टवर आवळला जातो, त्यामुळे अर्धवट गेलेलं सील दाबात पास होतं. म्हणून मोठ्या सिरिंजने हवा ओढूनही बघा. ओढ लगेच सुटली तर सील गेलंच समजा.

धूळखात_आरएक्स

टेस्ट केली. 300 वरून एका मिनिटात 140. फुगा फुगला. मॅग्नेट काढल्यावर डाव्या सीलवरही बुडबुडे. 2टीची खूण मात्र जागेवरच. म्हणजे चेक व्हॉल्व्ह ठीक. नुसती सीलं बदलून भागेल का?

चावी_दहा_अकरा

सील का गेलं ते बघा आधी. डाव्या बाजूचा शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. खेळ लागला तर मेन बेअरिंग गेलंय. नवं सील महिनाभर टिकेल, जास्त नाही. उभ्या गाडीत बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे डाग पडतात, हळू फिरवल्यावर खरखर जाणवते. असं असेल तर केस फाडायचीच, म्हणजे क्रँककेसचे दोन भाग वेगळे करायचे. एकदा फाडली की बेअरिंग, दोन्ही सील, केसचं पॅकिंग एकदमच बदला. क्रँक लेथवाल्याकडे दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावा, फिरवताना वाकडेपणा 0.03 मिमीच्या आत हवा. सीलच्या जागी शाफ्टवर नखाला लागणारी खाच असेल तर नवं सील एखाद मिमी पुढे-मागे बसवता येतं का पाहा.

सील बसवताना ओठाला 2टी किंवा ग्रीस लावा. कोरडं सील पहिल्या किकलाच जळतं. शाफ्टच्या चावीच्या खाचेवर पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळून मगच सरकवा, नाहीतर धारेने ओठ कापतो. जागेवर ठोकताना सीलच्या व्यासाचा सॉकेट वापरा, तिरकं जाऊ देऊ नका.

ब्लॉक परत उघडणारच आहात तर बोअरिंगवाल्याने पोर्टच्या कडांची धार मारलीय का बघा. धार तशीच राहिली तर रिंग अडकते. पिस्टनच्या स्कर्टवर (खालचा भाग), खालून साधारण 10 मिमी, पिनला काटकोनात माप घ्या. या पिस्टनला ब्लॉकमध्ये 0.04 ते 0.05 मिमी मोकळीक ठेवली की बरं. गजन पिनचे लॉक जुने परत वापरू नका. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे.

घाटउतार

पंपाबद्दल, कारण हा सल्ला सगळीकडे फिरतो. ऑटोलूब पंप, म्हणजे हाच ऑइल पंप, थ्रॉटल आणि आरपीएम दोन्ही बघून ऑइल देतो. पेट्रोलमध्ये मिसळलं की ऑइल फक्त पेट्रोलबरोबर येतं. वरंध घाट उतरताना थ्रॉटल बंद, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन 5000 वर: पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. पंप काढलाच असेल तर मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची सवय लावा. प्रमाण 1:40, म्हणजे लिटरला 25 मिली. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही. त्याच जेटमधून ऑइल जास्त गेलं की पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण पातळच होतं.

2टी ऑइल जासो एफडी दर्जाचं घ्या, डब्यावर लिहिलेलं असतं. बोटींच्या इंजिनचं टीसी-डब्ल्यू3 पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे, आपल्याला नको.

पंप परत बसवल्यावर हवा काढा: ब्लीड स्क्रू उघडा, बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. पहिल्या दोन लिटर पेट्रोलमध्ये 1:50 वेगळं मिसळून टाका, म्हणजे नळीत हवा राहिली तरी पिस्टन कोरडा चालणार नाही.

धूळखात_आरएक्स

आणि सील बदलूनही प्लग थोडा फिकटच राहिला तर?

घाटउतार

तर दोष पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलचा. शुद्ध पेट्रोलला हवा 14.7 पट लागते, ई20 ला (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) साधारण 13.5. जेट तोच ठेवला तर मिश्रण आपोआप सात-आठ टक्के पातळ. आधी कार्बोरेटरच्या नीडलची क्लिप एक खाच खाली, म्हणजे नीडल वर येते. पूर्ण थ्रॉटलला फिकट दिसलं तरच मेन जेट एक नंबर मोठा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा. ई20 पाणी ओढतं, ते पाणी खाली बसतं आणि पहिलं पायलट जेटच बुजतं.

चावी_दहा_अकरा

प्लग बघायची पद्धतही सांगून ठेवतो. आयडलवर घरापर्यंत आणून प्लग काढला तर काहीच कळत नाही. चौथ्या गिअरमध्ये किलोमीटरभर ओढा, क्लच दाबा, किल स्विच, रस्त्याकडेलाच प्लग काढा. अर्थात हे सीलं बदलल्यावर. आत्ता नाही.