पाठीवर १९७१ कोरलेली खुकरी: घ्यावी का?

लष्करवाला
लष्करातल्या (म्हणजे आपल्या ग्वाल्हेरच्या, फौजेच्या नव्हे) एका दुकानात खुकरी (नेपाळी वाकडं हत्यार) आहे. एकूण लांबी १८ इंच, पातं निमुळतं, पोट फारसं सुटलेलं नाही. लाकडी मूठ किंचित हलते. म्यान नाही. पात्याच्या पाठीवर 'श्री', मग झिजलेली अक्षरं आणि १९७१. दुकानदार म्हणतो, ७१च्या युद्धातली, त्यातून राजवाड्यातली. घ्यावी का? मूठ फेव्हिक्विकने बसेल?

पातंपारखी
१९७१ हा बहुधा विक्रम संवत आहे. ५७ वजा करा, म्हणजे १९१४ (जानेवारी ते मध्य एप्रिलमधली असेल तर ५६, म्हणजे १९१५). तेव्हा नेपाळात चंद्र शमशेर पंतप्रधान होते, १९०१ ते १९२९. 'श्री'नंतर ३ आहे का बघा: 'श्री ३' ही राणा घराण्यातल्या पंतप्रधानांची पदवी, 'श्री ५' राजाची. ३ असेल तर हत्यार नेपाळच्या स्वतःच्या फौजेचं. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारी खुकरीवर इंग्रजी अक्षरं, बाणाचा शिक्का आणि इसवी सन सापडतो. पहिल्या महायुद्धातल्या 'मार्क २'मध्ये तर पात्याचं पोलाद सपाट पट्टी होऊन मुठीच्या टोकापर्यंत जातं आणि दोन्ही अंगांना लाकूड रिव्हेटने बसवलेलं असतं.

अक्षरं वाचायला टॉर्च आडवा धरा, खडूची पूड बोटाने चोळा. तारेचा ब्रश अजिबात नको. कोरीव खाचेचा तळ पाठीइतकाच काळपट हवा. पाठ तपकिरी आणि खाच चकचकीत, तर अक्षरं कालची.

जुनाबाजार
राजवाड्याच्या गोष्टीला एक पैसा जास्त देऊ नका. विजयाराजे शिंद्यांचे आजोळचे आजोबा, नेपाळच्या त्याच राणा घराण्यातले खड्ग शमशेर, सागरला येऊन राहिले, हे खरंच आहे. त्यामुळे इथे भंगारातल्या खुकरीलाही शिंद्यांचं गोत्र चिकटतं. कागद असेल तर बोला. सिंहमुखी मूठ, पात्यावर नक्षी, 'इंडिया' असा ठसा दिसला तर तो पर्यटकांसाठी केलेला माल. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, ही जमेची बाजू.

लाखबंद
फेव्हिक्विक नको, इपॉक्सीही नको, पुन्हा सुटत नाही. अशा मुठीत पात्याचं शेपूट (मुठीत शिरणारा निमुळता भाग) लाखेत रोवलेलं असतं (नेपाळीत लाहा). आपल्याकडच्या मे महिन्यात लाकूड आकसतं, जुनी लाख ठिसूळ होऊन भुगा होते. नुसती हलत असेल तर तशीच राहू द्या, तिने काही तोडायचं नाहीये. शेपूट मुठीच्या बुडातून बाहेर येऊन ठोकलेलं असेल तर हातच लावू नका. मूठ आपसूक निघून आली तरच: भोक कोरडं साफ करा, चपडा लाख कुटून भरा, पात्याला ओलं फडकं गुंडाळा, फक्त शेपटाचं टोक तापवून दाबा आणि गार होईपर्यंत सरळ धरा. फडकं विसरलात तर उष्णता धारेपर्यंत जाते आणि पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.

गंजाला शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची स्टील वूल आणि मशीनचं तेल, लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने. लिंबू, व्हिनेगर, एमरी वापरली की अक्षरं गेलीच. मोहरीचं तेल चिकट थर धरतं. पुढे म्यान मिळालं तरी पातं त्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं.

पातंपारखी
कायद्याचंही बघा. शस्त्र नियमांच्या यादीत खुकरी नाव घेऊन आहे: पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद. शस्त्र कायद्याच्या कलम ४ खाली अधिसूचना असलेल्या भागात परवाना लागतो, तेव्हा पैसे देण्याआधी कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत विचारा. हस्तिदंती मूठ असेल तर लांबूनच नमस्कार.

लष्करवाला
'श्री'नंतर ३च आहे, खाचा काळ्या. पण आता तिसरा आकडा ७ की ५ कळेना.

पातंपारखी
नेपाळी ५चं वळण आपल्यापेक्षा वेगळं असतं, घाई नको. पातळ कागद लावून मऊ पेन्सिलीने छाप घ्या. १९५१ निघालं तर १८९४-९५, म्हणजे वीर शमशेर यांची कारकीर्द. छाप इथे टाका.