आजीला गणपतीला विमानाने आणायचं का?

सायली: सगळ्यांना विचारते. आजीला अंधेरीहून घरी कुडाळला विमानाने आणूया का? मुंबई ते चिपी, म्हणजे आपला सिंधुदुर्गचा विमानतळ, हवाई अंतर साधारण 350 किमी आहे. 45 मिनिटं लागतात म्हणे.

बाबल काका: 350 बरोबर आहे गो, पण ती नकाशावरची सरळ रेघ. तिकिटावर वेळ छापतात ती विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जाऊन उभं राहीपर्यंतची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. मग विमान रांगेत थांबतं. गोव्याचा मोपा विमानतळ मुंबईहून 385 किमीच्या आसपास. जेट वर गेल्यावर ताशी 800 ने जातं, तरी तिकिटावर सव्वा तास दिसतो. एवढ्या जवळच्या पल्ल्यात वर चढतं न चढतं तोच उतरायला लागतं.

मंदा आते: माका तर रेल्वेच बरी वाटता.

दादा: आते, वंदे भारत कुडाळला थांबत नाही, कणकवलीला उतरावं लागतं. आणि गणपतीत पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालवतात. आजीचे गुडघे एवढा वेळ बसून धरतात. मागे उतरताना तिला दोघांनी धरून खाली घेतलं होतं, तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

सायली: चिपीचं थेट विमान आपल्या तारखेला दिसत नाहीये. मोप्याची आहेत. 2021 ला चिपी सुरू झालं तेव्हा किती आनंद झाला होता आपल्याला! घराजवळ विमानतळ असून गोव्यात उतरायचं याचं वाईट वाटतं.

बाबल काका: मोपा धरूनच हिशोब करा. अंधेरीच्या घरातून मुंबई विमानतळ अर्धा तास. आजीसाठी दोन तास आधी पोचा, काउंटर तासभर आधी बंद होतात. विमान सव्वा तास. सामान यायला अर्धा तास. मोपा ते कुडाळ बांद्यावरून पन्नासएक किमी, गणपतीच्या गर्दीत सव्वा तास. झाले साडेपाच. पण त्यातलं सलग बसणं सव्वा तासाचंच, हे महत्त्वाचं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान 48 तास आधी तरी कळवाच. तिचे पैसे पडत नाहीत.

मंदा आते: मगे विमानानच आणा तिका. घरचे लाडू मी करतंय, सामान वाढवू नको सांगा.

दादा: सकाळचं विमान बघ सायली. दुपारी उशिरा सुटणारं नको, हायवेवर अंधारात पाऊस लागतो. मी गाडी घेऊन मोप्याला येतो. पुढची सीट मागे सरकवून ठेवतो, तिला पाय लांब करता येतील.

सायली: सकाळचंच काढते. आजीचं आधार कार्ड कोणाकडे आहे? फोटो टाका, नाव तसंच्या तसं घालायचंय.