कड्यावरचं कंदीलपुष्प: नमुना किती घ्यावा, बी कधी धरावं?

प्रश्न (कातळवेडा): जुन्या नोंदींत आहे, पण कित्येक दशकांत कुणी पाहिलेली नाही, अशी ताठ वाढणारी सेरोपेजिया (म्हणजे कंदीलपुष्प) घाटमाथ्यावर फुललेली आढळली तर ओळख पक्की करायला काय लागतं? कंद उकरावा का? आसपास मिळून सातच रोपं आहेत.

सह्यकंद: कंद अजिबात नको. तो काढला की सातांची सहा झाली, आणि ओळखीला त्याचा फारसा उपयोगही नाही. जात ठरते ती फुलाच्या तळाशी, आतल्या किरीटावरून, म्हणजे तिथल्या मुकुटासारख्या छोट्या रचनेवरून. दाबून वाळवलेल्या फुलात तो चपटा होऊन जातो. म्हणून एकच फूल ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा आणि जोडीला एक पान. बाकी काम फोटोंवर भागवा: पट्टी शेजारी धरून अख्खं रोप, पानाच्या दोन्ही बाजू, खोडावरची लव, फुलाची नळी बाजूने आणि वरून. मग पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षण किंवा कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, इथल्या संग्रहातल्या जुन्या नमुन्याशी ताडून घ्या. वनखात्याची लेखी परवानगी मात्र फूल तोडण्याआधी हवी. आणि फोटो कुठेही टाकण्याआधी त्यातली जागेची जीपीएस नोंद काढा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथे कंद उकरून नेलेले खड्डेच दिसतील.

बीजपेटी: बियांचं सांगतो. ऑगस्ट-सप्टेंबरात फूल आलं तर शेंगा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकतात. उकलल्या की रेशमी पिसाऱ्यासकट बी वाऱ्यावर जातं. म्हणून शेंग हिरवी असतानाच तिला मलमलची सैल पुरचुंडी बांधा. प्लॅस्टिक नको, आत बुरशी धरते. पिकलेल्या बियांतला पाचवा हिस्सा घ्या, उरलेलं तिथेच सोडा.

पेरायला कुंडीत दोन भाग जाड वाळू, एक भाग माती, एक भाग पालापाचोळ्याचं खत. बी जेमतेम झाकलं जाईल इतकंच वर. ताज्या बियांची उगवण चांगली होते. रोपं मरतात ती पुढे. पावसाळा सरला की वरचा भाग वाळतो, माळ्याला वाटतं तहान लागलीय, तो पाणी घालतो आणि कंद कुजतो. डिसेंबर ते मे कुंडी कोरडी, उंदरांपासून जाळीत. वळवाच्या सरींनंतर पाणी सुरू.

कातळवेडा: फुलं येतात पण शेंगच धरत नसेल तर?

सह्यकंद: माशी परागपुंज (परागकणांचे चिकटलेले गोळे) घेऊन दुसऱ्या रोपावर गेली नसेल, किंवा सगळी रोपं नात्याने एकमेकांच्या फार जवळची असतील. हाताने करायचं तर भिंगाखाली, नळीला खिडकी कापून. सुईने दोन पुंजांना जोडणारी मधली तपकिरी चिमटी उचलली की दोन्ही पुंज सोबत येतात. ते दुसऱ्या रोपाच्या फुलातल्या खाचेत, पुंजाची पारदर्शक कडा आत करून बसवायचे. उलटे बसले तर परागातून निघणारी नळी आत शिरत नाही. बहुतेक अपयश इथलंच.

बीजपेटी: याचं टोकाचं उदाहरण हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावरचं कॅफे मारॉन. नामशेष समजलेलं हे झुडूप १९८० च्या सुमारास एका शाळकरी मुलाला दिसलं, तेही एकच. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात त्याची फांदी रुजली, फुललीही, पण वर्षानुवर्षं बी नाही. शेवटी तिथल्या कार्लोस मॅग्डालेना यांनी कुक्षीचा (पराग घेणाऱ्या टोकाचा) वरचा भाग कापून त्यावर पराग लावले, तेव्हा फळ धरलं. तुमच्याकडे सात आहेत. प्रत्येक रोपाचं बी वेगळ्या पाकिटात, क्रमांक घालून ठेवा. एकत्र केलंत तर कोणाचा कोणाशी संकर करायचा हे पुढे कळणार नाही.