खांब रंगवण्याआधी सिएटलकडे एकदा बघू

वस्तीतल्या मुलांकडून जुन्या ओंडक्यांवर टोटेमसारखे (म्हणजे कुळाची चिन्हं कोरलेल्या लाकडी खांबांसारखे) खांब करून घ्यावेत, अशी एक कल्पना मांडली गेली आहे; ती मला मनापासून आवडली. फक्त चित्रं ठरवायची घाई नको. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या त्लिंगित, हैदा समाजांत खांबावरचा डोमकावळा किंवा अस्वल ही नुसती नक्षी नसते. ती त्या त्या कुळाची चिन्हं असतात आणि ती वापरायचा हक्क वंशाकडून येतो. याच किनाऱ्याकडच्या सिएटल शहरातल्या पायोनियर स्क्वेअर या चौकातला पहिला खांब १८९९ मध्ये अलास्कातल्या त्लिंगित गावातून चक्क चोरून आणलेला होता! १९३८ मध्ये कुणीतरी त्याला आग लावली, तेव्हा नवा खांब त्लिंगित कारागिरांनीच घडवला.

पण त्याच शहरात मला फार मोलाचं वाटणारं उदाहरणही आहे. २०१० मध्ये जॉन विल्यम्स हा मूलनिवासी कारागीर हातात लाकडाचा तुकडा आणि छोटा चाकू घेऊन रस्ता ओलांडत होता. पोलिसाच्या गोळीने तो गेला. त्याच्या स्मरणार्थ भावाने, रिक विल्यम्सने, देवदाराचा चौतीस फुटी खांब समुद्रकाठी, लोकांच्या डोळ्यांसमोर कोरायला घेतला. त्यात इतरांचेही हात लागले. फेब्रुवारी २०१२ मध्ये शेकडो लोकांनी तो उचलून सिएटल सेंटर या सार्वजनिक उद्यान-परिसरापर्यंत चालत नेला.

म्हणून सुचवते, एखाद्या मूलनिवासी कारागिराला रीतसर मानधन देऊन बोलवा, लाकडाचे रेषे आणि हत्यार मुलांना त्यांच्याकडून कळू द्या. खांबावर मात्र मुलांनी आपल्या परिसरातलेच पक्षी, झाडं, आजी-आजोबा आणावेत.